तिरकी चढाई

"सर, हिचा फायदा काय?"

असं त्या दाढीवाल्या शिक्षकानं विचारलं होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या वेळी माझ्या कानांवर पडलं ते "सर, हिचा कायदा काय?" आणि कबड्डीचा कायदा विचारल्यावर मला आवरणार कोण.

जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांचं शिबिर होतं. चाळीसेक जण मैदानाच्या कडेला सतरंज्यांवर बसले होते आणि समोर मी. शेजारी आमच्या शाळेची वनिता गुरव, दहावीतली, संघातली सगळ्यात चपळ पोर. तिनं नुकतीच आमची तिरकी चढाई करून दाखवली होती. चढाईला जाणारा खेळाडू सहसा समोरच्या सात जणांवर नजर ठेवून सरळ आत शिरतो. आमच्या मुली तशा जायच्या नाहीत. अंग आडवं करून, मान डाव्या खांद्यावरून वळवून जायच्या. तोंड मध्यरेषेच्या डाव्या टोकाकडं, जिथं पंच उभा असतो तिकडं. साऱ्या जिल्ह्यात असं कुणी खेळत नव्हतं. पहिल्या वर्षी ह्या पोरी कुठून येतात आणि कुठं जातात तेच समोरच्या संघांना कळेना, आणि आम्ही तालुका मारला. तेव्हापासून लोक तिला 'शिंगटे पद्धत' म्हणायला लागले. शिंगटे म्हणजे मी. ही पद्धत मी मुलींना नेमकी कधी शिकवली ते मला आठवत नव्हतं, पण एखाद्या गोष्टीला आपलं नाव लागलं की माणूस असल्या बारीकसारीक चौकशीत शिरत नाही.

तर मी कायदा सांगितला. चढाई करणाऱ्यानं एका श्वासात, सलग, पंचाला स्पष्ट ऐकू जाईल असं 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहिलं पाहिजे; ह्यालाच दम म्हणतात; दम तुटला किंवा ऐकू येईनासा झाला की पंच त्याला बाद देतो. चांगली दहा मिनिटं सांगितलं, हातवारे करून, मधेमधे विनोद पेरून. माणसं पोट धरून हसली. व्याख्यान रंगलं म्हणून मी खुशीत होतो. वनिता तेवढी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

दाढीवाल्याची मेहुणी आमच्याच गावच्या भजनी मंडळात होती. त्यामुळं ही हकिगत माझ्या घरी माझ्याआधी पोचली म्हणायला हरकत नाही.

"त्यो बिचारा फायदा विचारत हुता," ताट वाढता वाढता शालन म्हणाली, "आन् तुम्ही कायदा सांगत बसलासा."

त्या माणसानं दाढीतल्या दाढीत विचारलं असेल, असं मी म्हणालो. शालननं वाटी खाली ठेवली. बायको हातातलं काम खाली ठेवून बोलायला लागली की प्रकरण साधं नसतं, हे मला तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात तिनं मला तीनदा साखर संपली म्हणून सांगितलं होतं आणि मी तिन्ही वेळा 'मग चपाती दे' म्हणालो होतो. मला भाकर संपली असं ऐकू आलं होतं. टीव्हीच्या आवाजानं शेजारच्या आजी झोपेतून उठून बसत होत्या. मी फोनवर मुलाशी बोलताना नुसतं 'हो, हो' म्हणायचो आणि त्या भरात त्याच्या एका मित्राचा मुक्काम आठ दिवस आमच्याकडं ओढवून घेतला होता.

मी सगळं कबूल केलं, एक सोडून. "मैदानावर मला सगळं ऐकू येतं," मी म्हणालो. "तीस वर्षं शिट्टी गळ्यात आहे. पोरींचा दम मला बरोबर कळतो. रोज कळतो. कान गेले असते तर तो कसा कळला असता?"

शालननं वाटी पुन्हा उचलली. तो कसा कळत होता ह्याचं उत्तर मला लागतच नव्हतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चौपन्न वर्षांचं वय, निवृत्तीला चार वर्षं. शाळेत त्याच जूनला एक सव्वीस वर्षांचे नवे क्रीडाशिक्षक आले होते, कडक इस्त्रीचे, पाठीत ताठ. आमचा मुलींचा संघ लागोपाठ दोन वर्षं जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात हरला होता, नदीपलीकडच्या एकाच शाळेकडून आणि एकाच रीतीनं. आमची पोर आत गेली की आमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातली त्यांची मुलगी मागून येऊन तिचा घोटा धरायची. दर वेळी मागूनच. मुख्याध्यापक मला म्हणाले होते, यंदा बघू, नाही जमलं तर नव्या सरांना संधी देऊ. त्यात शिंगटे बहिरा झाला असं कुणाच्या कानी गेलं, तर हे 'यंदा बघू'सुद्धा राहिलं नसतं. मैदान सुटलं असतं. मैदान सोडून मी काय करणार होतो? मला भाजीसुद्धा नीट आणता येत नाही.

तरी शालननं मला सांगलीला नेलंच.

कान तपासणाऱ्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी दाबत गेलो. मग बराच वेळ आवाजच येईना. बाईंचं यंत्र बिघडलं असावं म्हणून मी काचेतून त्यांच्याकडं सहानुभूतीनं बघितलं, तर त्या बाहेर लिहीत होत्या आणि शालन तोंडाला पदर लावून उभी होती.

बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं बऱ्यापैकी वर असलेली रेघ उजवीकडं टेकडीवरून उतरावी तशी खाली गेली होती. जाड, भरीव आवाज मला येत होते, बारीक आणि तीव्र आवाज गेले होते. क, ख, त, फ, स असली अक्षरं त्या बारीक आवाजांतच मोडतात. "म्हणून माणूस बोलतोय हे तुम्हांला कळतं, काय बोलतोय ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "साखरेची भाकर त्यामुळंच होते." वय थोडं आणि शिट्टी फार, असं त्यांचं निदान होतं. मी शिट्टी समोरच्यासाठी वाजवत असलो तरी तिला सगळ्यात जवळचा कान माझाच होता. तीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी माझा हुकमी मुद्दा काढला. मैदानावर मला सगळं ऐकू येतं.

बाईंनी समोरचा कागद उचलून तोंडापुढं धरला आणि पाच शब्द म्हटले. मला एक कळला. कागद बाजूला करून पुन्हा पाच म्हटले. पाचही कळले.

"तुम्ही ऐकत नाही, सर. तुम्ही बघता," त्या म्हणाल्या. "ओठांवरून ओळखता. तुमचं तुम्हांलाही कळत नाही, पण बरेच जण हे करतात."

म्हणजे कानाचं काम मी डोळ्यांवर ढकललं होतं. कानाडोळा करणं म्हणतात ते इतकं शब्दशः करणारा मीच पहिला असेन. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथंच थांबला. ओठ बघायला आधी तोंड दिसावं लागतं, आणि चढाईला गेलेल्या पोरीचं तोंड पंचाला दिसायचं काही कारण नसतं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

दोन मशीनं मिळाली, कानामागं बसणारी, भुईमुगाच्या शेंगेएवढी. सवय व्हायला वेळ लागेल, असं बाईंनी बजावलं होतं. सुरुवातीला घरात, शांत जागी, रोज दोन-तीन तास. मग हळूहळू वाढवायचं. कंटाळून काढून ठेवायची नाहीत. कान मशीननं ऐकेल, पण त्या आवाजांचं काय करायचं ते मेंदूला पुन्हा शिकावं लागेल.

पहिल्या दिवशी मेंदू अगदीच भांबावला. माझ्या चपला वाजत होत्या. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. माझा स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलावं तसा. मोहरी तडतडते हे मी विसरलोच होतो. शालननं फोडणी टाकली आणि मी कुठं तरी वायर जळाली म्हणून मीटरकडं धावलो. पापड खाताना तर मीच दचकलो. तासाभरात मशीनं काढून डबीत ठेवावीत असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात मागून शालनचा आवाज आला. ती मेथी निवडत होती, पाठमोरी, आणि स्वतःशीच बोलत होती. मेथी जून निघाली, ह्या माणसाला भाजीतलं काही कळत नाही, दांडेच दांडे घेऊन येतो, सांगून सांगून जीभ झिजली.

"पुढच्या वेळी कोवळी आणतो," मी म्हणालो.

शालन वळून माझ्याकडं बघत राहिली. "तुम्हांला ऐकू आलं?"

"दांड्यांपासून सगळं."

"मग मला आता जपून बोलावं लागणार," ती म्हणाली, आणि असं खळखळून हसली की ते हसणं मशीनशिवायही ऐकू गेलं असतं. मशीनं मी डबीत ठेवली नाहीत.

आठवड्याभरात घर सरावाचं झालं. दारावरची चिमणी, नळाचं टपटपणं, शालनच्या बांगड्या, एकेक आवाज सुट्टीवरून परत आलेल्या मुलांसारखा आपापल्या जागी येऊन बसला. आता मैदानाची वेळ होती. शाळेत कुणाला कळू द्यायचं नाही, ह्यावर मी ठाम होतो. डिसेंबर होता, थंडी होती. मी माकडटोपी घालून सरावाला गेलो.

अर्धा तास गेला नसेल, शबाना मुल्ला, आमच्या संघाची कप्तान, खेळता खेळता थांबली. "सर, कुत्र्याचं पिल्लू रडतंय कुठं तरी."

सगळ्या मुलींनी कान टवकारले. हो सर, कुईं कुईं करतंय, त्या म्हणाल्या. मला काही ऐकू येत नव्हतं, पण तसं सांगायची सोय नव्हती. मी म्हणालो, हो हो, येतोय आवाज, शोधा. पोरींनी पाण्याच्या टाकीमागं बघितलं, स्टेजच्या फळ्यांखाली वाकून बघितलं. मीही वाकून बघितलं, आणि मी वाकलो की पिल्लू जास्तच रडायचं. शेवटी शबाना म्हणाली, सर, तुम्ही जाताय तिकडंच ते येतंय. तिनं माझ्याकडं क्षणभर निरखून बघितलं आणि मग मुलींना पुन्हा खेळायला लावलं. घरी आल्यावर शालननं खुलासा केला. मशीनवर लोकर दाबली गेली की ते शिट्टी मारतं, आणि ती शिट्टी इतकी बारीक की नेमकी मलाच ऐकू येणार नाही.

माकडटोपी गेली आणि तिच्या जागी उन्हाची साधी टोपी आली, मागं जरा जास्त ओढलेली. केस मी तसेही वाढवले होते. पिल्लू गप्प झालं. मैदानावर वाऱ्याची घरघर व्हायची, सगळे आवाज एकदम अंगावर यायचे, पण चार दिवसांत त्यातलेही गुंते सुटायला लागले.

ह्या वर्षीही आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो होतो आणि त्याला नऊ दिवस उरले होते, त्या बुधवारची गोष्ट. मी लवकर येऊन मैदानाच्या रेघांवर चुन्याची फक्की मारली होती आणि उरलेली फक्की ठेवायला साहित्याच्या खोलीत गेलो होतो. खोलीला मागच्या बाजूला जाळीची खिडकी आहे, तिच्या खाली कट्टा. मुली येऊन त्या कट्ट्यावर घोट्यांना पट्ट्या बांधत बसल्या. त्या पाठमोऱ्या होत्या आणि मी अंधारात होतो. एरवी त्यांच्या बोलण्याची मला नुसती भुणभुण ऐकू आली असती.

कोमल नावाची आठवीतली नवी पोर संघात आली होती. ती कुरकुरत होती. तिरकं गेलं की मला मागचं काही दिसत नाही, दर वेळी घोटा सापडतो. मी सरळ गेले तर काय होईल?

"सरळ जायचं न्हाई," शबाना म्हणाली. "सर पंच असताना तोंड सरांकडं ठिवायचं."

"पण का?"

मग वनिताचा आवाज आला. "सरांना ऐकू येत न्हाई. आपलं तोंड हलताना दिसलं की त्यांना दम कळतो."

हातातली फक्कीची बादली मी अगदी हळू खाली ठेवली, तिचा आवाज होईल म्हणून.

वनिता सांगत होती. ती सातवीत असताना सरावात मी तिला दम तुटला म्हणून बाद दिलं होतं. दम तुटला नव्हता. ती मध्यरेषेला टेकेपर्यंत म्हणत होती, पण पाठमोरी होती. ती घरी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तोंड माझ्याकडं करून गेली, तर मी खूश होऊन म्हणालो होतो, आज कसा खणखणीत दम लागला. मग तिनं शबानाला सांगितलं. शबानानं सगळ्यांना. तेव्हापासून जी नवी मुलगी संघात येईल तिला पहिल्या आठवड्यात हे सांगायचं, अशी रीत पडली होती.

"मग सरांना सांगायचं ना," कोमल म्हणाली. "दवाखान्यात जातील."

"सांगायचं न्हाई," वनिता म्हणाली. "सर मैदानावर यायचंच सोडतील. एखादा गुण गेला तर जाऊ दे."

एखादा गुण. दोन अंतिम सामने गेले होते. रोज सरावात माझ्याकडं तोंड करून करून ती सवय त्यांच्या हाडात शिरली होती. बाहेरच्या सामन्यात, चांगल्या कानांच्या पंचासमोरही, त्यांची मान आपोआप डावीकडं वळायची आणि उजवा कोपरा पाठीशी यायचा. नदीपलीकडच्या शाळेनं ते एका वर्षात ओळखलं. मी तीन वर्षांत ओळखलं नाही. मी त्याला माझं नाव दिलं आणि शिबिरात जाऊन व्याख्यान झोडलं.

मला लाज वाटली, हे तर झालंच. खूप वाटली. पण तिथं त्या फक्कीच्या वासात उभा असताना लाजेच्याही वर काही तरी दाटून आलं आणि मी चक्क हसायला लागलो, तोंडावर हात दाबून. आयुष्यात कुणी माझं इतकं सांभाळलं नव्हतं, आणि सांभाळणाऱ्या कोण, तर ज्यांना मी रोज ओरडत होतो त्या बारा-पंधरा वर्षांच्या पोरी. आणि हे मला ऐकू आलं होतं, पाठीमागून, जाळीतून, शब्दन् शब्द.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. सराव नेहमीसारखा घेतला. घरी जाऊन शालनला सांगितलं, तेव्हा तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता तुम्ही काय करणार?"

"दाखवतो," मी म्हणालो.

गुरुवारी मुली दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्यावर मी मध्यरेषेच्या डाव्या टोकाला माझ्या जागी गेलो, टोपी काढली, खिशात घातली आणि मैदानाकडं पाठ करून उभा राहिलो. समोर कंपाउंडची भिंत आणि कडुलिंब.

"चढाई सुरू करा," मी म्हणालो. "मी इकडंच बघणार आहे."

मला त्यांची तोंडं दिसत नव्हती, पण त्यांना माझे कान मागून दिसत होते, आणि कानांमागच्या दोन शेंगाही. कुणी तरी श्वास आत ओढला, तो मला ऐकू आला. मग पावलं वाजली आणि दम सुरू झाला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. भरदार, जरा घोगरा, 'ड्डी'वर जोर. वनिता. सहा-सात वेळा आला आणि मधेच थांबला.

मी न वळता हात वर केला. "वनिता, दम तुटला. बाद."

मी म्हणालो, पुढची. दुसरी आली, घाईघाईचा, एकाला एक जोडलेला दम. शबाना, मी म्हणालो, पुरा, शाब्बास. तिसरी आली, पातळ आवाजाची, आणि मी म्हणालो, कोमल, तू कबडी म्हणतेस, कबड्डी म्हण, दुसरे पंच तुला बाद देतील. मागून एक हसू फुटलं, मग दुसरं, आणि मग बहुधा सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. मी वळलो. काही हसत होत्या, काही डोळे पुसत होत्या, शबाना दोन्ही करत होती.

"ते पिल्लू," ती म्हणाली. "मला तवाच वाटलं हुतं."

वनिता पुढं आली. ती हसत नव्हती. "सर, काल खोलीचं दार उघडं हुतं. आत तुमीच होता?"

"मीच होतो."

"सगळं ऐकलं?"

"सगळं ऐकलं." मी तिच्याजवळ गेलो. "तीन वर्षांपूर्वी मी तुला बाद दिलं होतं. तुझा दम तुटला नव्हता ना?"

"न्हवता, सर."

मी गुणफळ्याकडं गेलो, खडू उचलला आणि तिच्या बाजूला एक गुण मांडला. तिनं तो बघितला. मग ती तोंड फिरवून कडुलिंबाकडं गेली आणि तिथं बराच वेळ पट्टी सोडून पुन्हा बांधत बसली.

मी मुलींना जवळ बोलावलं आणि एवढंच सांगितलं की आजपासून तोंड कुणाकडंही करा, समोरच्या सात जणींकडं करा, आभाळाकडं करा. माझ्याकडं करू नका. मला ऐकू येतंय. आठ दिवसांत तीन वर्षांची सवय मोडायची होती. पोरींच्या माना पुन्हापुन्हा डावीकडं वळायच्या आणि मी त्यांना पाठमोरा उभा राहून बजावायचो. मानेचा आवाज थोडाच येतो, पण मान वळली की दम माझ्या दिशेनं मोठा व्हायचा, त्यावरून मला कळायचं. हे त्यांना कळलं तेव्हा त्या चरकल्या. सर पाठीमागूनही बघतात, असं आठवीत पसरलं. शिट्टी मी शबानाकडं दिली आणि ती वाजवायची वेळ आली की दोन पावलं लांब जायचो. मुख्याध्यापकांनी माझे कान बघितले. त्यांनीच नंतर हळूच विचारलं, शिंगटे, हे सांगलीत कुठं मिळतं? त्यांचंही टेलिफोनवर 'हो, हो' चाललेलं होतं.

अंतिम सामन्याचं काय सांगू? शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि चढाई वनिताची. नदीपलीकडच्या संघानं आमच्यासाठी सगळी तयारी करून ठेवली होती. ही आत येणार, डावीकडं वळणार, पाठ देणार. त्यांची उजव्या कोपऱ्यातली मुलगी आधीच वाकून बसली होती. वनिता मध्यरेषा ओलांडून आत गेली, आणि वळलीच नाही.

मी आमच्या बाकावर होतो, मध्यरेषेमागं. मला तिची फक्त पाठ दिसत होती आणि पाठीवर आपटणारी वेणी. दमही ऐकू येत नव्हता. एवढ्या गर्दीत मशीन सगळंच मोठं करतं. ढोल, आरडाओरडा, माझ्या शेजारी फुटाणे खाणारा एक गृहस्थ, सगळं एकाच मापानं कानांत ओतत होतं. बाईंनी सांगितलं होतं, गर्दीत त्रास होईल म्हणून. म्हणजे मला तिचं तोंडही दिसत नव्हतं आणि आवाजही येत नव्हता, तरी इतका निर्धास्त मी कुठल्याच सामन्यात बसलो नव्हतो. उजव्या कोपऱ्यातली मुलगी झेपावली. वनितानं तिला येताना बघितलं, कारण ह्या वेळी तिचं तोंड तिच्याकडंच होतं. पाय उचलला, तिच्या खांद्याला हात लावला आणि परत आली. पंचांनी आमचा गुण दिला. दम त्यांना ऐकू आला होता, तेवढं पुरे होतं.

मुली धावत बाकाकडं आल्या आणि सगळ्या एकदम माझ्या कानांत ओरडल्या. मशीननं जोराची कुईं केली, असं त्यांनीच मला सांगितलं.

ह्याला आता सतरा वर्षं झाली. चार वर्षं मी त्याच मैदानावर काढली आणि सन्मानानं निवृत्त झालो. मशीनांची ही तिसरी जोडी आहे. वनिता पोलिसात आहे, शबाना मिरजेत राहते आणि तिच्या दोन मुली आहेत. कोमल क्रीडाशिक्षिका झाली. गेल्या महिन्यात तिनं तिच्या तालुक्याचं शिबिर भरवलं आणि मला बोलावलं. मी गेलो, टोपी न घालता.

सतरंजीवर तीसेक तरुण शिक्षक बसले होते. मागच्या रांगेतून एकानं हात वर केला. त्याच्या तोंडापुढं पुढच्याचं डोकं आलेलं होतं, ओठ काही दिसत नव्हते.

"सर, तुमच्या तिरक्या चढाईबद्दल ऐकलंय," तो म्हणाला. "तिचा फायदा काय?"

फ अगदी स्पष्ट आला. कोमल बाजूला उभी राहून ओठ दाबून हसत होती.

"फायदा सगळा मला झाला," मी म्हणालो. "जरा पुढं सरकून बसा, सांगतो."